पीळ

पाणी भरते, घुसळते, थांबते,
उलटी घुसळते,
इथवर सगळं बरं.
पण कपडे उचलून शेजारच्या टबात टाकले,
झाकण लावलं, बटण फिरवलं
की नुसतं हुंऽऽऽ,
दाराशी येऊन चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखं.

मे महिना. नंदनवन, दुसरा मजला.
समोरच्या बोंद्रेबाई म्हणाल्या,
"ड्रायर कायले पाहिजे वो तुम्हाले?
गच्चीवर टाका, अर्ध्या घंट्यात कडक!"
खरं आहे. शेहेचाळीस अंशात
टॉवेलचा पापड होतो.
पण पाणी गळणारी डबलबेडची चादर
गच्चीपर्यंत नेऊन पाहा एकदा.
बत्तीस पायऱ्या,
आणि मागच्या दिवाळीत मोडलेलं माझं मनगट.

म्हणून माझ्या परीनं सगळं करून पाहिलं.
कपडे काढून पुन्हा गोल लावले, चहूबाजूंनी सारखे,
वर ती प्लॅस्टिकची जाळी दाबली
जी इतकी वर्षं कपाटावर पडून होती.
झाकण आपटलं. झाकण हळू लावलं.
झाकणाच्या खाचेत आगपेटीची काडी खुपसली.
पाइप सोडून झटकला,
बोरच्या पाण्याचे पांढरे खडे निघाले मूठभर.
मग चंद्रपूरला फोन.
नवरा म्हणाला, "बंद करून चालू केली का?"
आणि म्हणाला, "इथं अख्खा संच बंद पडलाय, ठेवतो."

परातेभाऊ म्हणाले, उद्या येतो.
त्यांचा उद्या मंगळवारपासून चालू होता.

शेवटी वेदांगला हाक मारली.
बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्यात
"जेवलास?" आणि "चार्जर कुठाय?" एवढंच.
आला. एका कानातलं काढलं, दुसऱ्यातलं ठेवलं.
चादरीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
मी मोरीत, तो दारात.
पिळतोय, पिळतोय,
पाणी निघेना.
चादर आपली दोघांच्या मध्ये
गरगर फिरतेय दोरीसारखी.
मशीनला चार दिवस जे जमलं नाही
ते आम्हाला जमलं होतं.

मग फिजिक्समध्ये सदतीस मिळालेला माझा मुलगा
थांबून म्हणाला,
"आई, मी तुझ्याकडे पाहून पाहून फिरवून राहिलो.
म्हणून दोन्ही टोकं एकाच बाजूला चालली.
समोरासमोर आहोत ना आपण?
तू तुझ्या उजवीकडे फिरव,
मी माझ्या."

फिरवलं.
चादर आखडली, तिच्यात गाठी उठल्या,
आणि धबकन पाणी,
निळसर, त्याच्याच जीन्सचं,
दोघांच्या पायांवर.
"अरे बाप रे," तो म्हणाला.
मनगट ठणकलं. मी काही बोलले नाही.

पराते शुक्रवारी आले.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकत बसले.
"बाप हातमागावर होता ताई, तांडापेठेत.
आवाजावरून सांगे, कोणता धागा तुटला."
मग मशीन आडवी केली, हात आत घातला,
ब्रेकची तार ताणली,
आणि टबाखालून ओढून काढला
शाळेचा मोजा. काळा. एकच.
"हा बसला होता ना आत दडून.
मोटरची काही चूक नाही.
ते तं बिचारी जोर लावूनच राहिली होती."
साडेतीनशे झाले. पाणी प्यायले, उरलेलं डोक्यावर ओतलं,
दुपट्टा बांधून उन्हात गेले.

आता फिरते. अशी फिरते
की फरशीवर चार बोटं पुढं सरकते,
कूलरचा आवाजही ऐकू येत नाही.

आज रविवार.
चादर धुऊन झाली आहे, बादलीत आहे.
ड्रायर रिकामा.
साडेअकरा वाजले, वेदांग अजून झोपलाय.
बोंद्रेबाईंनी खिडकीतून विचारलं, "झाली का वो दुरुस्त?"
मी म्हटलं, हो.
बादली तशीच ठेवली.
उठेल.